उतारावरचे पाणी : प्राचीन जलवाहिन्या आणि बंगळूर शहर

प्राचीन काळातील जलवाहिन्यांचा विचार करू लागले की उंच कमानींच्या रांगा डोळ्यांपुढे येतात. दक्षिण फ्रान्समधील गार नदीवरचा तीन मजली जलसेतू चित्रांतून बहुतेक वाचकांच्या परिचयाचा असतो. तथापि या कमानी म्हणजे जलवाहिनी नव्हे. तो तिचा एक लहानसा भाग होय. रोम शहराला पाणी पुरविणाऱ्या अकरा जलवाहिन्यांची एकूण लांबी सुमारे ५०० किलोमीटर होती. त्यांपैकी जेमतेम दहावा हिस्सा कमानींवरून जात असे. उरलेले पाणी जमिनीखालच्या बांधीव पाटांतून, कोणाच्या नजरेस न पडता शहरात येई. कमानी बांधणे हा स्थापत्यकारांचा हौसेचा विषय नव्हता. वाटेत दरी आडवी आली आणि पाण्याची पातळी सोडता येत नसली, म्हणजेच त्या बांधाव्या लागत.

ही पातळी सांभाळणे हेच प्राचीन जलस्थापत्याचे मर्म आहे. पाणी आपल्या स्वभावानुसार उंचावरून सखल भागाकडे जाते. वाफेचा वा विजेचा पंप उपलब्ध नसताना फार मोठ्या प्रमाणावर पाणी वर चढविण्याचा उपाय मनुष्याजवळ नव्हता. म्हणून जेथे उगम उंचावर आणि नगर सखल भागात असेल तेथेच जलवाहिनी शक्य होई. ही अट जेथे पुरी होत नाही तेथे काय करावे, हा प्रश्न मात्र उरतोच. बंगळूर शहराचा इतिहास हे या प्रश्नाचे एक बोलके उत्तर आहे. ते समजून घेण्यापूर्वी उताराचा हिशेब कसा मांडला जात असे ते पाहू.

उताराचा हिशेब

रोमची पहिली जलवाहिनी इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये अप्पियस क्लॉडियस याच्या कारकिर्दीत बांधली गेली. परंतु ही कल्पना रोमन लोकांची नव्हती. इसवी सनापूर्वी ६९० च्या सुमारास असीरियाचा राजा सेन्नाचेरिब याने निनवे नगरीसाठी डोंगरातून पाणी आणले. त्या मार्गावर आजच्या इराकमधील जेरवान येथे त्याने वीस लाखांहून अधिक दगड वापरून जलसेतू उभारला. पुढे इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात ग्रीकांच्या सामोस बेटावर युपालिनस याने १०३६ मीटर लांबीचा बोगदा डोंगराच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी खणून मध्यभागी जुळविला. दोन्हीकडच्या कामगारांची गाठ पडली, यावरून त्या काळच्या मोजणीची अचूकता ध्यानी येते.

गार नदीवरील जलसेतू ज्या जलवाहिनीचा भाग होता ती नीम शहराला पाणी देत असे. तिची लांबी सुमारे ५० किलोमीटर होती. उगमापासून शहरातील वाटपाच्या हौदापर्यंत पाणी एकंदर सुमारे साडेबारा मीटर खाली उतरत होते. म्हणजे दर किलोमीटरला सरासरी अवघे २५ सेंटिमीटर, अथवा ४००० मीटरला १ मीटर, एवढाच उतार मिळत होता. उतार याहून कमी झाला तर पाणी मंदावते आणि त्यातील गाळ तळाशी बसून पाट भरून जातो. तो फार वाढला तर पाण्याचा वेग पाटाचे अस्तर खरवडतो. शिवाय शहरात पोहोचेपर्यंत पाणी इतके खाली येते की उंच वस्त्यांना ते देता येत नाही. या दोन मर्यादांमध्ये वाट काढण्यासाठी डोंगरांना वळसा घालीत पाट न्यावा लागे. नीमची जलवाहिनी सरळ रेषेतील सुमारे वीस किलोमीटरच्या अंतरासाठी पन्नास किलोमीटर फिरली, त्याचे कारण हेच.

ही मोजणी ज्या साधनांनी होई ती अगदी साधी होती. वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने वीस फूट लांबीच्या एका लाकडी मेजाचे वर्णन केले आहे. त्याच्या पायांशी ओळंबे टांगलेले असत. वारा असेल तर मेजाच्या पृष्ठभागावरील खाचेत पाणी भरून समपातळी तपासली जाई. पाण्याची वाट आखण्यासाठी पाण्याचाच उपयोग केला जात होता.

दरी फार खोल असेल तर कमानीही अपुऱ्या पडत. अशा वेळी बंद नळ दरीत उतरवून पलीकडच्या उतारावर चढवीत. बंद नळातील पाणी पलीकडे जवळजवळ मूळ पातळीपर्यंत चढते. मात्र दरीच्या तळाशी नळावर प्रचंड दाब येतो आणि सांधे फुटण्याची भीती असते. त्यामुळे कमानी पुरेशा होत्या तेथे कमानी आणि अगदी निरुपाय झाला तेथे बंद नळ, असा क्रम दिसतो.

बांधकामाइतकेच महत्त्व देखभालीला होते. इसवी सन ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख म्हणून नेमलेल्या फ्रंटिनस याने आपल्या ग्रंथात २४० आणि ४६० अशा दोन तुकड्यांची, म्हणजे एकूण ७०० सेवकांची नोंद केली आहे. गळती बुजविणे, गाळ काढणे, अस्तर दुरुस्त करणे आणि चोरून जोडलेले नळ शोधणे ही त्यांची कामे होती. त्यात खंड पडला की जलवाहिनी निकामी होई. नीमच्या पाटात चुनखडीचे जाड थर साचत गेले आणि शेवटी पाण्याची वाटच अरुंद झाली. रोमच्या जलवाहिन्या तर इसवी सन ५३७ मध्ये वेढा घालणाऱ्या गॉथ सैन्याने तोडून टाकल्या.

दख्खनमधील नहरी व नळ

उताराचे हे शास्त्र आपल्याकडेही वापरले गेले, आणि त्याची उदाहरणे मराठी वाचकाला दूर शोधावी लागत नाहीत. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मलिक अंबर याने खडकी येथे, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, नहर-ए-अंबरी बांधली. शहराच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातले भूजल जमिनीखालील बोगद्यात झिरपू देऊन ते केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले. त्याच शहरातील पाणचक्कीला डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येई आणि उंचावरून पडताना ते पीठ दळण्याची चक्की फिरवी.

पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रज येथे बंधारे घालून तेथील पाणी जमिनीखालच्या बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणले. आठ-दहा किलोमीटरच्या या वाटेवर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवलेले होते. उच्छ्वास म्हणजे नळावरील उभे धुराडे. त्यातून कोंडलेली हवा निघून जाई, दाब आटोक्यात राही आणि माणसाला आत उतरून गाळ काढता येई. शहरातील हौदांत हे पाणी पडत असे. त्यांपैकी काही हौदांची नावे पुण्याच्या पेठांत आजही टिकून आहेत.

रोम, खडकी आणि पुणे या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. शहराच्या आसपास उंच डोंगर आहेत आणि शहर त्यांच्या पायथ्याकडच्या सखल प्रदेशात वसले आहे. बंगळूरची गोष्ट नेमकी याच्या उलट आहे.

नदी नसलेले नगर

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर, दख्खन पठाराच्या एका जलविभाजकावर वसले आहे. शहराच्या माथ्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या या उंचवट्याच्या पश्चिमेस पडलेले पावसाचे पाणी वृषभावती व अर्कावती या नद्यांतून कावेरीला मिळते. पूर्वेस पडलेले पाणी दक्षिण पिनाकिनीकडे जाते. पाणी शहरापासून दूर दोन्ही दिशांना वाहून जाते, कोणत्याही बाजूने शहराकडे येत नाही. आसपासची प्रत्येक मोठी नदी शहराहून खाली आहे. म्हणून रोमच्या वा पुण्याच्या धर्तीवर दुरून पाणी आणणे येथे निसर्गतःच अशक्य होते.

१५३७ मध्ये येथे मातीचा किल्ला बांधून नगर वसविणारा पहिला केंपेगौडा हा विजयनगरचा मांडलिक होता. विजयनगरची राजधानी तुंगभद्रेच्या काठी होती. तेथे नदीवर बंधारे घालून कालवे काढलेले होते, आणि राजवाड्याच्या परिसरात दगडी खांबांवर दगडी पन्हळी टेकवून बांधलेला जलसेतू हंपीच्या अवशेषांत आजही पाहावयास मिळतो. जलवाहिनीची विद्या या राज्यात अपरिचित नव्हती. तरीही बंगळुरात तिचा उपयोग नव्हता, कारण वाहून आणण्याजोगी नदीच नव्हती. शिल्लक होता तो पाऊस. बंगळूर परिसरात वर्षाला सरासरी ९०० ते १००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर ९०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी नऊ लाख घनमीटर भरते. त्याचा काही अंश जरी अडविता आला तरी त्या काळच्या नगरीची गरज भागण्यासारखी होती.

तळ्यांची साखळी

धर्मांबुधी आणि केंपांबुधी ही तळी केंपेगौडाच्या काळातील मानली जातात. पुढील काळात संपंगी, हलसूरु आणि इतर असंख्य तळी शहरात व आसपासच्या गावांत नांदत होती. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजांनी बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. मराठ्यांच्या इतिहासात ज्या बंगळूरचा उल्लेख येतो ते हे तळ्यांचे बंगळूर होय.

एकेकटे तळे पाहिले तर ते मातीचा बांध घालून अडविलेले पाणी एवढेच दिसते. परंतु खरे कौशल्य तळ्यांच्या मांडणीत होते. जलविभाजकाच्या माथ्यापासून दरीच्या तळापर्यंत ती एकाखाली एक अशी जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे बांधलेली होती. प्रत्येक तळ्याला कन्नडमध्ये ‘कोडी’ म्हणतात तो सांडवा असे. तळे भरले की जास्तीचे पाणी कोडीवरून बाहेर पडे आणि ‘राजकालुवे’ या मोठ्या नाल्यातून खालच्या तळ्यात जाई. बांधातून शेताकडे पाणी सोडण्यासाठी ‘तूबू’ म्हणजे मोरी असे. ती केव्हा व किती उघडावयाची हे ठरविणारा गावाचा सेवक ‘नीरगंटी’ या नावाने ओळखला जाई. आपल्याकडील पाटकऱ्याशी त्याचे काम ताडून पाहता येईल. पिण्यासाठी मुख्यतः विहिरी आणि कल्याणी म्हणजे पायऱ्यांची कुंडे वापरली जात. तळ्यातील पाणी जमिनीत मुरून या विहिरींना जिवंत ठेवी.

जलवाहिनी आणि तळ्यांची साखळी या दोन्ही रचना उतारावरच उभ्या आहेत, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. जलवाहिनी उताराचा उपयोग पाणी आणण्यासाठी करते. साखळी त्याच उतारावर वाहून जाणाऱ्या पाण्याला पायरीपायरीवर थांबविते. पहिलीत एका ठिकाणची तूट संपूर्ण व्यवस्था बंद पाडते. दुसरीत वरच्या तळ्यातील गाळ, तुटलेली कोडी किंवा बुजलेला नाला यांचा परिणाम खालच्या प्रत्येक तळ्यापर्यंत पोहोचतो. फ्रंटिनसच्या ७०० सेवकांना जे काम होते तेच काम गावोगावचे नीरगंटी आणि गाळ उपसणारे शेतकरी करीत होते.

हेसरघट्टा : दोन युगांचा सांधा

एकोणिसाव्या शतकात पेठ आणि इंग्रजांची लष्करी छावणी अशा दोन्ही बाजूंनी बंगळूरची वस्ती वाढली. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने म्हैसूर राज्य होरपळून निघाले. १८८२ मध्ये सँकी तलाव बांधण्यात आला, तरी शहराची तहान भागेना. पेठेचा आधार असलेले धर्मांबुधी तळेही अपुरे पडू लागले. तेव्हा दिवाण के. शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत शहराच्या वायव्येस सुमारे २० किलोमीटरवर अर्कावती नदीवरील हेसरघट्टा येथे जलाशयाची योजना आखली गेली. १८९४ मध्ये काम सुरू होऊन १८९६ मध्ये शहराला पाणी मिळू लागले. तिला चामराजेंद्र जलयोजना असे नाव देण्यात आले.

स्थापत्याच्या इतिहासात या योजनेचे विशेष महत्त्व आहे. हेसरघट्ट्याहून निघालेले पाणी प्रथम विटांच्या बांधीव जलवाहिनीतून, केवळ उताराच्या बळावर सोलदेवनहळ्ळीच्या दिशेने येई. या वाटेवरील विटांच्या जलसेतूचे अवशेष त्या परिसरात दिसतात. रोमन स्थापत्यकाराला हा भाग सहज ओळखता आला असता. परंतु सोलदेवनहळ्ळीला उतार संपत होता आणि शहर तर वरच्या अंगाला होते. तेथे वाफेचे पंप बसविलेले होते. ते पाणी उचलून मल्लेश्वरम येथील शुद्धीकरण केंद्राकडे ढकलीत. दोन हजार वर्षांची जुनी विद्या जेथे थांबते तेथून नवी विद्या सुरू झाली, आणि हा सांधा एकाच योजनेत पाहावयास मिळतो. पाणी चढावर नेता येते हे बंगळूरने प्रथमच अनुभवले.

कावेरीची चढण

यानंतर पाण्याचा शोध अधिकाधिक दूर आणि अधिकाधिक खाली जाऊ लागला. १९३३ मध्ये अर्कावती व कुमुदवती यांच्या संगमावर तिप्पगोंडनहळ्ळी येथे चामराजसागर हा जलाशय तयार झाला. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याची शिफारस केली होती. १९६४ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळाची स्थापना झाली आणि १९७४ मध्ये कावेरी योजनेचा पहिला टप्पा पूर्ण होऊन सुमारे १०० किलोमीटरवरून पाणी येऊ लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचवा टप्पा सुरू झाला. त्याची क्षमता रोज ७७५ दशलक्ष लिटर असून सर्व टप्प्यांची मिळून क्षमता २२२५ दशलक्ष लिटरच्या घरात जाते.

कावेरीचे पाणी तोरेकाडनहळ्ळी, हारोहळ्ळी आणि तातगुणी अशा तीन पायऱ्यांनी वर चढविले जाते. प्रत्यक्ष चढाव आणि नळांतील घर्षण हे दोन्ही धरून पंपांना सुमारे ५०० मीटर उंचीइतके काम करावे लागते. वाचकाला याचा हिशेब सहज करता येईल. एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर पाणी ५०० मीटर उचलण्यास, यंत्रात काहीच वाया जात नाही असे मानले तरी, जवळजवळ १.३६ युनिट वीज लागते. २२२५ दशलक्ष लिटरसाठी हा आकडा दिवसाला सुमारे ३० लाख युनिट होतो. प्रत्यक्षात तो याहून अधिकच असणार. नीमच्या पन्नास किलोमीटरच्या जलवाहिनीला दिवसाला एक कणभरही इंधन लागत नव्हते, हे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे उताराविरुद्ध जाण्याची किंमत कळते.

विस्मृत उतार

ही किंमत केवळ विजेच्या देयकात मोजून भागत नाही. नळाने पाणी येऊ लागताच तळ्यांची गरज उरली नाही असा समज बळावला. १८९८ च्या प्लेगनंतर आरोग्याच्या दृष्टीनेही साचलेल्या पाण्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. धर्मांबुधी तळ्याच्या जागी आज केंपेगौडा बसस्थानक आहे. संपंगी तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण उभे राहिले असून तळ्याचा एक लहानसा तुकडा तेवढा शिल्लक आहे. चल्लघट्टा तळ्याच्या जागी गोल्फचे मैदान झाले. अनेक ठिकाणी राजकालुवे बुजले, अरुंद झाले किंवा सांडपाण्याचे नाले बनले. ज्या अर्कावतीवर १८९६ आणि १९३३ च्या योजना उभ्या होत्या तिच्या पाणलोट क्षेत्रातही हेच घडत गेले, आणि त्या जलाशयांकडे येणारे पाणी घटले.

तळे बुजविले म्हणून उतार नाहीसा होत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मुसळधार पावसाने बेल्लंदूर आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्याचा परिसर पाण्याखाली गेला. पाणी आपल्या जुन्या वाटेनेच निघाले होते. वाटेत थांबण्याच्या जागा मात्र उरल्या नव्हत्या. त्यानंतर दीड वर्षात, मार्च २०२४ मध्ये त्याच शहरात विहिरी व कूपनलिका आटल्या. कावेरीचे नळ न पोहोचलेल्या बाहेरच्या वस्त्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागले. पूर आणि टंचाई या दोन वेगवेगळ्या आपत्ती वाटतात. परंतु जलविभाजकावर वसलेल्या नगरात त्या एकाच कारणाच्या दोन बाजू आहेत. पडलेले पाणी थांबले नाही की आधी पूर येतो आणि नंतर जमिनीत पाणी उरत नाही.

लाखो लोकांच्या शहराची गरज आता केवळ तळ्यांनी भागणार नाही, हे उघड आहे. कावेरीचे पंप थांबविता येणार नाहीत. परंतु जेवढे पावसाचे पाणी उतारावर अडविले जाईल तेवढा पंपांवरील भार हलका होईल, आणि तेवढ्याच प्रमाणात सखल वस्त्यांतील पुराचा धोकाही कमी होईल. त्यासाठी नव्या शोधाची वाट पाहण्याचे कारण नाही. कोडी मोकळ्या ठेवणे, राजकालुव्यांतील सांडपाणी वेगळे काढणे, तळ्यांतील गाळ वेळच्या वेळी उपसणे आणि त्यांच्या पाणलोटावर बांधकाम होऊ न देणे ही कामे केंपेगौडाच्या काळातील गावकऱ्यांनाही ठाऊक होती. रोमने त्यांच्यासारख्याच कामांकरिता ७०० माणसे कायम नेमली होती. नीरगंटीचे पद गेले असले तरी त्याचे काम संपलेले नाही. ते काम आज कोणी करावयाचे हे बंगळूरला आणि त्याच्यासारख्या उंचावर वसलेल्या प्रत्येक शहराला ठरवावे लागेल.